तहकूब ग्रामसभेलाही कोरम हवा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

विधानसभेत 288 आमदार आहेत. कोरमसाठी, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, त्यांचा दहावा भाग, म्हणजे 29 जण लागतात. तेवढे नसले तर घंटा वाजते, कामकाज थांबतं. सभागृह पुन्हा बसलं तरी 29 लागतातच. आमच्या ग्रामसभेला मात्र ही अट एकदाच लागते. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा भरला नाही की सभा तहकूब होते, आणि नंतर पुन्हा भरणाऱ्या या तहकूब सभेला कोरम लागतच नाही. चार हजार मतदारांच्या गावात आठ-दहा माणसं बसली तरी ठराव मंजूर होतो आणि तो अख्ख्या गावाचा ठरतो.

मी तासगाव तालुक्यातली द्राक्षबागायतदार. ऑक्टोबरात फळछाटणी सुरू असते. मजूर मिळवायचे, छाटणीमागोमाग काडीला पेस्ट लावून घ्यायची, त्यात पावसाचं भय. नेमक्या त्याच दिवसांत सकाळी अकराची ग्रामसभा लागते. नोटीस कार्यालयाच्या फलकावर असते, पण बागेत राबणाऱ्याला ती कोण वाचून दाखवणार? पूर्वी दवंडी तरी ऐकू यायची. मग कोरम भरत नाही, तहकूब सभा कधी झाली ते कळत नाही आणि काही दिवसांनी हजेरीची वही सहीसाठी दारात येते. महिलांची सभा आधी घ्यावी असा नियम आहे. तीही अनेकदा अशीच वहीत भरते. मला याची फार चीड येते.

लोकांना रसच नाही, असं अधिकारी म्हणतात. ते खरं नाही. घरकुलाच्या यादीचा विषय असू द्या, चावडीपुढे उभं राहायला जागा उरत नाही. दारूबंदीच्या मतदानाला आडव्या बाटलीसाठी, म्हणजे बंदीच्या बाजूच्या चिन्हासाठी, बाया रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहतात. हाच मुलूख 1943 पासून प्रतिसरकार चालवत होता. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीतही, गावोगावचे तंटे लोकांसमोर बसून मिटत होते. इथल्या माणसाला सभेचं वावडं कधीच नव्हतं.

म्हणून मागणी अशी की तहकूब सभेलाही कोरम ठेवा, हवा तर पहिल्याच्या निम्मा. तिची नोटीस नव्याने निघावी, दवंडीसह. वेळ गावाने ठरवावी. आमच्याकडे संध्याकाळी सात सोयीचे, दुसरीकडे वेगळे असेल.

सर्वांत महत्त्वाचं प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीचं. आज चर्चा सभेत होते आणि ठराव मागाहून कार्यालयात लिहिला जातो. पाण्याच्या टाकीची जागा बदलू नये असं लोक बोललेले असतात, आणि वहीत 'सर्वानुमते मंजूर' येतं. सूचक-अनुमोदक म्हणून ज्यांची नावं असतात, त्यांनाच ते ठाऊक नसतं. ठरावाचा मजकूर सभेतच लिहावा, मोठ्याने वाचावा, कुणाचा विरोध असेल तर नावासह नोंदवावा, मगच अध्यक्षांची सही व्हावी. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत फलकावर लागावी. याला निधी लागत नाही.

कोरमसाठी नियम दुरुस्त करावा लागेल, त्याला वेळ जाईल हे मी समजू शकते. प्रोसिडिंग वाचून दाखवण्याचा आदेश मात्र साध्या परिपत्रकाने निघू शकतो. तो पुढच्या ग्रामसभेआधी काढावा, ही विनंती.

आपली,
तासगाव तालुक्यातील एक मतदार