गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी : रांगेतली सही म्हणजे संमती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर बायका एचआयव्ही तपासणीला तयार होत नाहीत, असा सूर आरोग्य केंद्रांतून वरचेवर निघतो. तो खरा नाही. रक्त द्यायला क्वचितच कुणी नकार देते. भीती असते ती निकाल घरी कळण्याची, आणि ‘माझीच का, मी काय तशी आहे का’ हा सल असतो. तपासणी संशयावरून होत नाही, नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकीची होते, एवढे आधी सांगितले तरी तो सल बराच निघतो. पण हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याच चिठ्ठीत एचआयव्ही लिहून बाईला प्रयोगशाळेकडे धाडले जाते. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने समजावून घेतलेली संमती बंधनकारक केली आहे. नाही म्हणण्याचा हक्क त्यातच आला.

समुपदेशन एकटीचे हवे. सासू शेजारी बसली असेल तर सून तोंड उघडणार नाही. त्यासाठी बाहेर एक खुर्ची आणि बंद होणारे दार, एवढेच लागते.

उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारी रोजची औषधे, सुरू झाली तर ती ५ टक्क्यांच्या आत येते. हे बाईला कळलेच पाहिजे. उपकेंद्रात बोट टोचून होते ती फक्त चाळणी, हेही. निदान आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या तीन किटवर तपासूनच पक्के होते. हे न सांगितल्याने घाबरलेली बाई पुढच्या केंद्रात पोहोचतच नाही.

लागण निघालेल्या बाईच्या उपचाराचा तर सातव्या महिन्यानंतर धागाच तुटतो. नोंदणी सासरी, बाळंतपण माहेरी. ऊसतोडीला गेलेलीचे तेही ठरलेले नसते. एआरटीची गोळी रोजची. माहेरजवळच्या केंद्राची चिठ्ठी आधीच दिली नाही तर खंड पडतो. माहेरी कुणाला विश्वासात घ्यायचे, हेही निघण्यापूर्वी ठरायला हवे. बाळाला जन्मताच नेव्हिरापिन हे लागण रोखणारे औषध सुरू करून किमान ६ आठवडे द्यायचे, सहाव्या आठवड्यात रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी, शेवटची १८ महिन्यांनी. पहिले ६ महिने निव्वळ अंगावरचे दूध. मधाचे बोट, गुटी, मधूनच वरचे दूध, असे मिसळून पाजल्याने लागणीचा धोका वाढतो. आजीला हे पटवणे सर्वांत अवघड.

निगेटिव्ह आलेलीला ‘सगळे ठीक’ म्हणून घरी पाठवणे, ही आणखी एक घोडचूक. तिचा अहवाल नवऱ्याचा नसतो. गरोदरपणात किंवा दूध पाजताना नवी लागण झाली तर अंगात विषाणू फार असतात आणि बाळाचा धोका वाढतो. म्हणून नवऱ्याचीही तपासणी व्हावी, आणि त्यासाठी केंद्रे आठवड्यातून एखादी संध्याकाळ उघडी राहावीत. रोजगार बुडवून तो येणार नाही.

माता-बाल कार्डावर, केसपेपरवर, खाटेवर कसलीही खूण नको. कार्ड सगळे घर पाहते. छापायचेच असेल तर १०९७ हा मोफत मदत क्रमांक प्रत्येकीच्याच कार्डावर छापावा.

– एक समुपदेशक, बीड