रविवारी झोपूनही न उतरणारा थकवा

मार्चअखेरीस बँकेतून घरी आले, कळण्याची भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत नुसती बघत उभी राहिले. लेकीने धावत येऊन गॅस बंद केला. रविवारभर झोपूनही सोमवारी अंग उचलत नव्हतं, ओळखीच्या ग्राहकांवरही मी खेकसत होते. अशा थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता नोकरीतल्या साचलेल्या ताणाची अवस्था म्हटलं. घरचं काम त्यात धरलेलंच नाही, हे मला खटकतं. सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन केला, मराठीत मोकळेपणी बोलता आलं. आता संध्याकाळचा स्वयंपाक नवरा आणि लेक करतात. मी मेहरूण तलावाकाठी चालायला जाते.

– एक बँक कर्मचारी, जळगाव