मंत्रिमहोदय, डिलिव्हरीच्या या मुलांना ब्रेक मारायला कोण शिकवणार?

माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी कळव्यात २७ वर्षं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. कुठल्या मंत्र्याला पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती. आपल्याकडे कामाचे ढीग असतात हे समजून, आपला फार वेळ न घेता लिहावं असं ठरवून बसलो होतो. ते जमेल असं वाटत नाही.

नऊ दिवसांपूर्वी माझा भाचा घोडबंदर रोडवर मोटरसायकलवरून पडला. वय १९. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घातलाय. डिलिव्हरीच्या कामाला लागून त्याचा तेविसावा दिवस होता. संध्याकाळी सातची वेळ, पाऊस भुरभुर. मानपाड्याची ऑर्डर देऊन तो कापूरबावडीकडे परत येत होता. पुढची रिक्षा पॅसेंजर दिसला म्हणून जागच्या जागी थांबली. पोराने पायाचा ब्रेक सगळ्या ताकदीनिशी दाबला. खाली नेमकी खोदलेल्या चरावर टाकलेली लोखंडी प्लेट, ओली. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि त्याचा पाय तिच्याखाली गेला.

गाडी टेम्पोत घालून मी गॅरेजवर आणली. रात्री झोप लागेना म्हणून दोन्ही चाकं खोलली. मागची लायनर, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, निम्म्याला आलेली, जळून काचेसारखी गुळगुळीत. पुढच्या लायनरची वरची खरखर जशीच्या तशी. दोन्ही मीच, एकाच दिवशी, नव्या टाकून दिल्या होत्या. रोज शंभरेक किलोमीटर गाडी पळाली आणि पोराने पुढचा ब्रेक जवळजवळ वापरलाच नव्हता.

साहेब, हे एकट्या माझ्या भाच्याचं नाही. माझ्याकडे डिलिव्हरीवाल्या मुलांच्या गाड्या येतात, त्यातल्या नव्या मुलांच्या बहुतेक गाड्यांची हीच कथा. गावाकडे सगळे सांगतात, पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. मलाही माझ्या वडिलांनी हेच सांगितलं होतं. खरं म्हणजे ब्रेक लागला की गाडीचा सगळा भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. तो हळू सुरू करून मग वाढवत न्यायचा, हँडल सरळ ठेवून. प्लेटवर, वाळूवर, रंगवलेल्या पट्ट्यांवर मारायचाच नाही, त्याच्या आधी वेग उतरवायचा. हे ऐकून येत नाही. मोकळ्या मैदानात पन्नास वेळा करावं लागतं. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना पाय दाबला की पुढचाही ब्रेक थोडा लागतो अशी सोय आली. पण ही मुलं कामाला लागतात ती सेकंडहँड गाडी घेऊन. भाच्याची २०१६ ची आहे.

आणि माझं काय? मी केबल ताणून दिली, हवा बघितली, चेनला तेल दिलं. त्याला एक तास मैदानावर नेलं नाही. लायसन्स आहे ना, असं मला वाटलं. हे माझ्या मनातून जात नाही.

ते लायसन्स कसं मिळतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार! शिकाऊ लायसन्स आता घरी बसून निघतं. ३० दिवसांनी पक्क्यासाठी जायचं, पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढायचा. वेग चालण्यापेक्षा जरासा जास्त. अचानक थांबून दाखव असं कोणी म्हणत नाही. पाठीवर बारा किलोची बॅग असताना वळण कसं घ्यायचं, कंटेनरच्या कुठल्या बाजूला उभं राहिलं तर ड्रायव्हरला आपण दिसतच नाही, हे कोणी विचारत नाही. ४० च्या वेगाला एक सेकंद मोबाईलच्या नकाशाकडे पाहिलं की गाडी ११ मीटर आंधळी जाते, हेही नाही. ट्रक-बस चालवायची तर ड्रायव्हिंग स्कूलचा प्रशिक्षणाचा दाखला, फॉर्म ५, लागतो. दिवसाचे बारा तास भर ट्रॅफिकमध्ये दुचाकीवर पोट भरणाऱ्याला काहीच लागत नाही, कारण त्याच्या गाडीची पाटी पांढरी, म्हणजे खासगी!

कंपनीने काय पाहिलं? लायसन्स, आधार, पॅन यांचे फोटो. वीस मिनिटांचा व्हिडिओ, तोही ग्राहकाशी कसं बोलावं याचा. टी-शर्ट आणि बॅग दिली, त्याचे पैसे पहिल्या कमाईतून कापले. सकाळी फॉर्म भरला, संध्याकाळी ॲपवरचा आयडी चालू.

आता मला मिळालेल्या एका आश्वासनाबद्दल. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाच्या एका कार्यक्रमात मी स्वतः उठून हा विषय मांडला होता. व्यासपीठावरच्या साहेबांनी माईकवरून सांगितलं की, पावसाळ्याच्या आधी नव्या डिलिव्हरी मुलांसाठी प्रशिक्षण शिबिर घेऊ. टाळ्या झाल्या. माझा नंबर लिहून घेतला. मार्चमध्ये मी विचारायला गेलो, एप्रिलमध्ये परत गेलो. फाईल वर गेलीय, म्हणाले. पाऊस आला, भाचा पडला, फाईल वरच आहे.

दवाखान्याचं बिल १ लाख ८५ हजार झालं. विम्याचं विचारलं तर उत्तर आलं, अपघात ऑर्डर देऊन झाल्यावरचा आहे, बसत नाही. तिसऱ्या दिवशी आयडी बंद. बहीण अंबडहून रात्रीच्या एसटीने आली, पेरणीसाठी ठेवलेले ४० हजार पदराला बांधून. माझ्या हातात देताना म्हणाली, "दादा, तुझ्या भरवशावर पाठवला होता." त्यानंतर ती माझ्याशी नीट बोललेली नाही. नऊ दिवसांतले सहा दिवस गॅरेजचं शटर खाली होतं.

मग मी आकडे शोधत बसलो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. आपल्या महाराष्ट्रात त्याच वर्षी १५,२२४. नीती आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं होतं की, असं ॲपवरचं आणि सुटं काम करणारे ७७ लाख आहेत आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील. म्हणजे मुलं येत राहणार हे सरकारला माहीत होतं. ब्रिटनमध्ये १९९० पासून नियम आहे, मोटरसायकल रस्त्यावर काढण्याआधी प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं. आधी मैदानात सराव, मग निदान दोन तास रस्त्यावर, एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त दोन शिकाऊ. प्रशिक्षकाला वाटलं की अजून जमत नाही, तर तो प्रमाणपत्र देत नाही. साधारण एका दिवसाचं काम आहे. आपल्याला तो एक दिवस सापडत नाही?

पहिली ऑर्डर मिळण्याआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं करा, एवढंच मागतोय. आयडी चालू होण्याआधी त्याचा दाखला लागला पाहिजे. खर्च कंपनीचा, आणि त्या दोन दिवसांची मजुरीही कंपनीची; नाहीतर ज्याला रात्रीच्या जेवणाची काळजी आहे तो पोरगा येणार नाही. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी अशा कामगारांसाठी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे असं लिहिलंय, मग पैसा नाही असं कोणी म्हणू नये. जागाही आहे. लायसन्सच्या टेस्टचे ट्रॅक रविवारी रिकामे असतात.

पण कोण करणार? कंपनी म्हणते, हा आमचा कामगार नाही, पार्टनर आहे. कामगारांचं खातं परिवहनकडे बोट दाखवतं, परिवहनवाले म्हणतात पाटी पांढरी आहे, रस्ता खोदणारा म्हणतो प्लेट दुसऱ्या ठेकेदाराची. माझ्या भाच्याने मे महिन्यात सिग्नलला पांढऱ्या पट्टीवर चाक नेलं तर कॅमेऱ्याने टिपून चलन त्याच दिवशी मोबाईलवर पाठवलं. तेव्हा तो कोणाचा हे सरकारला बरोबर कळलं होतं. पाय मोडल्यावर तो कोणाचाच नाही. लायसन्सवर सही सरकारची आहे ना? मग याला गाडी चालवता येते हे सरकारनेच लिहून दिलंय. लिहून देणाऱ्याने त्याची जबाबदारी घ्यायला नको?

गेल्या रविवारी सकाळी सहा वाजता मी पाच मुलांना खारेगावच्या बाजूला एका मोकळ्या जागेत नेलं. विटांची ओळ मांडली आणि ओळीच्या आत थांबायला सांगितलं. पहिल्या फेरीत पाचही जण ओळ ओलांडून गेले. दीड तासाने चौघं आत थांबत होते. पाचव्याचं मागचं चाक अजून घसरतं, त्याला मी परवा परत बोलावलंय. तोपर्यंत कामावर जाऊ नको असं सांगितलं, पण त्याच्या गाडीचा हप्ता आहे, तो गेला असेल.

पत्रासोबत भाच्याच्या गाडीच्या दोन्ही लायनर पाठवतोय, पुढची आणि मागची. दोन्हींवरून एकदा स्वतः बोट फिरवून बघा.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक
कळवा, जि. ठाणे