हँडल डावीकडे असलं की सेल्फ लागत नाही, आणि तुमच्या जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

माझ्या मोटरसायकलचा चासी क्रमांक, सगळी जॉब कार्डं आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत. काल तुमच्या हेल्पलाइनवर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यानंतर फोनवर बोलण्याची माझी तयारी नाही. यापुढे जे काही असेल ते लेखी.

तक्रार एका ओळीची आहे. हँडल डावीकडे वळलेलं असताना स्टार्टरचं बटण दाबलं, की बऱ्याचदा काहीच होत नाही. इग्निशन चालू असतं, फ्युएल पंपाचा आवाज येतो, मीटर उजळतो, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला असतो, साइड स्टँड वर असतो. बटण दाबल्यावर मोटर फिरत नाही आणि तिला करंट जोडणाऱ्या रिलेचा ‘टक’ आवाजसुद्धा येत नाही. मीटरचा उजेड तसूभरही मंद होत नाही. हँडल सरळ केलं की बहुतेक वेळा गाडी लगेच चालू होते. एकदा इंजिन चालू झालं की हँडल कुठेही वळवा, बंद पडत नाही. पहिल्या पावसाळ्यापासून हे चाललंय. सकाळच्या गारव्यात आणि पावसात भिजल्यावर जास्त होतं.

तुम्ही ही गाडी बनवली आहे, त्यामुळे स्टार्टरचं सर्किट मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. बटण उजव्या हँडलवर आहे. त्याच्या वायरी गाडीच्या मानेजवळून हेडलाइटच्या मागे जातात. गाडी साइड स्टँडवर लावली की डावीकडे कलते, हँडल डावीकडे पडतं आणि लॉकही तिकडेच लागतं. म्हणजे रोज रात्रभर त्या वायरी ताणलेल्या अवस्थेत राहतात. आतली तांब्याची तार एका जागी मोडत आली असेल, नाहीतर वायरींच्या जोडात, म्हणजे कपलरमध्ये, पाणी जाऊन हिरवा गंज धरला असेल, तर नेमकी हीच लक्षणं दिसणार.

तरीही तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने आधी काय बदललं? बॅटरी! आणि ती वॉरंटीत बसत नाही म्हणून पैसे माझ्याकडून घेतले. बॅटरी कमजोर असती, तर बटण दाबल्यावर व्होल्टेज खाली आलं असतं, मीटर मंद झाला असता, निदान रिले तरी कडकडला असता. पुढच्या खेपेला प्लग बदलला. त्या खेपेला पेट्रोलमध्ये भेसळ असेल असंही सांगितलं. पेट्रोल आणि प्लग यांचा प्रश्न मोटर फिरल्यानंतर येतो. हीच गाडी उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलली की पहिल्या झटक्यात चालू होते. याचा अर्थ पेट्रोल येतंय आणि स्पार्कही मिळतोय. हे मी प्रत्येक जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. कोणी वाचलं नाही.

मग स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही, म्हणून गाडीत दोष नाही! बटणापासून रिलेपर्यंतची ही वायर या मॉडेलमध्ये ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे, जातच नाही. ते तुमच्याच वायरिंग डायग्रामवर दिसतं. मग कोड कुठून येणार?

शेवटी मी पाटणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्याने वायर कापली नाही की कुठलं सील तोडलं नाही. सीट काढून मल्टिमीटरचं एक टोक रिलेच्या बारीक वायरीला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हँडल सरळ ठेवून बटण दाबलं तेव्हा मल्टिमीटरवर बारा व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि मोटर फिरली. हँडल पूर्ण डावीकडे करून दाबलं, शून्य. त्याने बटण दाबून धरलं आणि मला हँडल सावकाश फिरवायला सांगितलं. एका ठरावीक कोनात आकडा उड्या मारायला लागला. मोटर फिरत नव्हती तेव्हा बॅटरी १२.६ व्होल्टवर स्थिर होती. याचा व्हिडिओ काढून मी तुमच्या हेल्पलाइनच्या ईमेलवर पाठवला. ‘आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. व्हिडिओ कोणी उघडलेला दिसत नाही.

आता कालच्या फोनबद्दल. तो शब्दशः लिहितोय, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे आणि ते तुम्ही ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

हेल्पलाइनवरच्या मुलाने विचारलं, “सर, गाडी आत्ता चालू होतेय का?” मी म्हटलं, “आत्ता होतेय, पण हँडल डावीकडे...” तो म्हणाला, “म्हणजे चालू होतेय. मग तक्रार क्लोज करू का, सर?” मी नको म्हटलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यावर थोडं थांबून तो म्हणाला, “मग सर, तुम्ही हँडल सरळ ठेवूनच चालू करत जा ना.”

एक लाखाच्या वरची गाडी घेणाऱ्या माणसाला कंपनीने दिलेला हा उपाय आहे.

मी वरिष्ठांशी बोलायचंय म्हटल्यावर त्याने सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरना लाइनवर घेतलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, “साहेब, याआधी तुमची किकची गाडी होती का? नव्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो.” मी वीस वर्षांहून जास्त काळ मोटरसायकल चालवतोय, हे मी शांतपणे सांगितलं. मग मल्टिमीटरचे आकडे सांगायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, “तुम्ही गुराढोरांचे डॉक्टर ना? तुम्ही जनावरं बघा, गाडी आम्हाला बघू द्या.”

बघा ना मग! एवढंच तर मी मागतोय. आजपर्यंत तुमच्या एकाही माणसाने हेडलाइट उतरवून त्या वायरी पाहिलेल्या नाहीत. गाडी रॅम्पवर चढवतात, पुढचं चाक शिकंजात सरळ धरतात, बटण दाबतात आणि म्हणतात, चालू झाली की. लंगडणारं जनावर बसवून तपासलं तर पाय धडच वाटणार.

आणि हो, मी जनावरंच बघतो. म्हणूनच मला ही गाडी लागते. कोयनेच्या खोऱ्यात, मोरगिरीपासून हेळवाकपर्यंतच्या वाड्यांवर मी उपचाराला जातो. गाय व्यायल्यावर दुग्धज्वराने बसली, मान पोटाशी वळवून पडली, की तिला शिरेतून कॅल्शियम द्यायला वेळेत पोहोचावं लागतं. उशीर झाला तर गाय हातची जाते आणि त्या घराचं दूध बंद होतं. अशा हाकेला रात्री भर पावसात निघताना बटण मेलेलं असतं. गाडीला किक नाही. चढाच्या वाडीत ढकलून चालू करायलाही जागा नसते. मी तुमच्या मॅनेजरना हे आधी सांगितलं होतं. माझं काम त्यांना ठाऊक होतं ते त्यामुळेच, आणि तेच त्यांनी मला ऐकवलं.

दहा मिनिटांचं हे काम पाटणचा इलेक्ट्रिशियन करू शकतो. पण बाहेर वायरिंगला हात लावला तर वॉरंटी रद्द, असं तुमच्या सर्व्हिस सेंटरने मला बजावलंय. म्हणजे तुम्ही दुरुस्त करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही. वर बॅटरीचे आणि प्लगचे पैसे माझ्या खिशातून गेलेच आहेत.

माझ्या वडिलांनी याच कंपनीची गाडी आयुष्यभर वापरली. त्या विश्वासावर मी दुसऱ्या कुठल्या शोरूमची पायरी चढलो नाही. गावात चारजण गाडी घेताना मला विचारतात. आता त्यांना काय सांगायचं ते मी ठरवलंय.

माझ्या मागण्या अशा: तुमच्या एरिया सर्व्हिस इंजिनिअरने माझ्यासमोर हेडलाइट उतरवून, हँडल पूर्ण डावीकडे ठेवून उजव्या स्विचची वायरिंग तपासावी. सदोष स्विच आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वॉरंटीत बदलून द्यावं. तसं होणार नसेल, तर ती वायर बाहेर दुरुस्त केल्याने वॉरंटीला बाधा येणार नाही, असं लेखी द्यावं. विनाकारण बदललेल्या बॅटरीचे आणि प्लगचे पैसे परत करावेत. आणि त्या मॅनेजरनी काल जे बोलले त्याबद्दल लेखी माफी मागावी.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगात जाईन. त्या कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो. तिथे तरी हँडल डावीकडे वळवून बघतील.

उत्तर टपालाने किंवा ईमेलने द्यावं. माझी तक्रार माझ्या लेखी संमतीशिवाय बंद करू नये.

एक ग्राहक,
पाटण, जि. सातारा