चुकीची नोंद ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना क्षेत्राच्या रकान्यात ०.४० हेक्टरचे ०.०४ झाले, तर एकरभर रान कागदावर चार गुंठ्यांवर येते आणि विकास संस्थेचे पीककर्ज व कारखान्याकडची ऊसनोंदही त्याच मापाने आटते. अशा वेळी करवीर तालुक्यातला शेतकरी बहुधा आधी प्रतिज्ञापत्र करायला धावतो. प्रतिज्ञापत्राने नोंद बदलत नाही. ते फार तर अर्जाला जोडायचा आधार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद आणि संबंधित पक्षकारांनी मान्य केलेली चूक कोणत्याही वेळी दुरुस्त करता येते. त्यामुळे ‘आता फार उशीर झाला’ असे उत्तर कोणी देत असेल, तर ते कायद्याला धरून नाही.

जन्मनोंदीबाबत १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचे कलम १५ आहे. दुरुस्ती समासात करायची, मूळ नोंदीला हात लावायचा नाही आणि शेऱ्याखाली सही व तारीख घालायची, अशी ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. कारण आधी काय होते आणि ते कोणी, केव्हा बदलले, हे कोणालाही वाचता येते. खरेदीखतात गट नंबर चुकल्यास चूक दुरुस्ती पत्र करून ते नोंदवता येते. मृत्युपत्र तर करणारा हयात आणि शुद्धीत असेतो कितीदाही बदलू शकतो.

मात्र एखाद्या बहिणीचे नाव वारसांतून उडवणे याला लेखनप्रमाद म्हणता येणार नाही. तो हक्काचा वाद आहे आणि त्याचा निकाल अपिलात किंवा दिवाणी न्यायालयातच लागला पाहिजे. कलम १५५ च्या आडून तो उरकला जात असेल, तर हरकत घ्यायलाच हवी.

तेव्हा जिल्हा प्रशासनाने तलाठी कार्यालयांत आणि महापालिकेने आपल्या जन्म-मृत्यू विभागात ठळक फलक लावावेत. कोणती चूक कोणाकडे दुरुस्त होते आणि जुना हस्तलिखित उतारा, संबंधित फेरफार यांपैकी काय जोडायचे, एवढे त्यावर असावे. अर्ज घेतल्याची तारीखवार पोचही अर्जदाराला त्याच वेळी हातात मिळावी.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर