कोपरावरचं ठिगळ

ताम्पेरे, ९ फेब्रुवारी

प्रिय दिन्या,

तुझा व्हॉइस मेसेज तुझ्या वहिनीने स्पीकरवर लावला आणि पोट धरधरून हसली. हॉकी खेळाडूंनी सामन्यात घातलेल्या जर्स्या मी जमवतो, त्यावरून तू दिलेली ‘दुसऱ्याच्या घामाचे कपडे पैसे देऊन विकत घेणारा खडकीतला पहिला माणूस’ ही पदवी मला मान्य आहे. पण याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे पत्र. त्यात माझा स्वार्थही आहे, तो शेवटी सांगतो.

मी हॉकी म्हणालो की तुझ्या डोळ्यांपुढे खडकीचं मैदान आणि धनराज पिल्ले उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. फिनलंडमध्ये नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची. आपल्या हॉकीलाच इथे ‘जमिनीवरची’ असं शेपूट जोडावं लागतं! आणि ताम्पेरे म्हणजे या खेळाची पंढरी. देशातलं पहिलं छपराखालचं बर्फाचं रिंगण, हाकामेत्सा, १९६५ च्या जागतिक स्पर्धेसाठी इथेच बांधलं. गावात दोन क्लब: ताप्परा म्हणजे लढाईतली कुऱ्हाड, इल्वेस म्हणजे लिंक्स, कानांवर केसांचे झुबके असलेलं ते मोठं रानमांजर. माझ्या ऑफिसातल्या टीमचा मॅनेजर इल्वेसचा आणि त्याची बायको ताप्पराची. दोन्ही क्लब आता नोकिया अरेनात खेळतात, ते २०२१ च्या डिसेंबरात उघडलं. पुढच्याच मे महिन्यात फिनलंडने तिथे कॅनडाला जादा वेळेत ४-३ हरवून जगज्जेतेपद घेतलं. त्या रात्री चौकात एका अनोळखी माणसाने मला मिठी मारली. आमच्या जिन्यातला शेजारी तीन वर्षांत फक्त मान हलवतो, त्यावरून काय ते समज.

आता जर्सी. युरोपातल्या क्लबची जर्सी म्हणजे आपल्या एसटी स्टँडची भिंत रे. छातीवर, खांद्यावर, बाहीवर, पाठीवर, अगदी विजारीच्या बुडावरसुद्धा जाहिराती. क्लबचं चिन्ह त्यात शोधावं लागतं. अमेरिकेतले संग्राहक याला नाक मुरडतात. त्यांच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये जर्सीवर जाहिरात यायलाच २०२२ चा मोसम उजाडला. मला मात्र जाहिराती फार कामाच्या वाटतात. मोसमाच्या मध्येच एखादा प्रायोजक बदलतो, जुन्या नावावर नवं नाव चिकटवतात, आणि खिडकीपाशी तिरपी धरली की खालच्या अक्षरांच्या कडा उमटून दिसतात. म्हणजे ही जर्सी बदलाच्या आधीही घातली होती आणि नंतरही. खरेदीखतावर एवढा नेमका पुरावा मिळत नाही.

‘घातलेली’ या एका शब्दावर सगळा बाजार चालतो. दुकानात मिळते ती प्रतिकृती. खेळाडूसाठी शिवून आणली पण तो कधी बर्फावर उतरलाच नाही, ती वेगळी. सामन्यात घातलेली ती खरी. तिची मापं पाहून तू चाट पडशील, आत खांद्यांची-कोपरांची कवचं मावायची असतात, त्यामुळे ५८ मापाची जर्सी मी घातली की शेतातलं बुजगावणं दिसतो. पाठीच्या आत खालच्या बाजूला एक पट्टा शिवलेला असतो, तो विजारीला अडकवायचा. कशाला? मारामारीत समोरच्याने जर्सी डोक्यावरून ओढून तुझे डोळे-हात बांधू नयेत म्हणून. असा खेळ आहे!

गेल्या वर्षी मी फसलो, ते तुला सांगितलं नव्हतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘पूर्ण मोसम वापरलेली’ म्हणून १८० युरोला एक जर्सी घेतली. पुढून बघायला झकास: रबरी चकतीचे काळे फटकारे, कठड्याला घासल्याचे रंग. महिन्याभराने सहज उलटी केली आणि कपाळाला हात लावला. आतून कोपराशी कापड नवंकोरं, गुळगुळीत. कोपराच्या कवचाचे वेल्क्रोचे पट्टे आतलं कापड असं खातात की तिथे बोंडं येतात, लोकरीच्या जुन्या स्वेटरला येतात तशी. बाहीवर काठीच्या टोकाच्या चिकटपट्टीचा काळा चिकटाही नव्हता. डाग सगळे कसे छान, फोटोत येतील अशा जागी. कुणीतरी अंगणात बसून एका दुपारी तो मोसम खेळला होता.

तेव्हापासून मी जर्सी आधी उलटी करतो. मग सामन्याचे फोटो काढून बसतो आणि एखादा ओरखडा, एखादं वाकडं शिवलेलं अक्षर जुळतंय का ते बघतो. तुझी वहिनी म्हणते, लग्नाचे फोटो एवढे कधी पाहिले नाहीस.

सोनेरी शिरस्त्राणाची हौस मला नाही. इथल्या लीगमध्ये प्रत्येक संघात ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो सोनेरी शिरस्त्राण घालून खेळतो. स्वित्झर्लंडमध्ये पिवळं, त्यावर ज्वाळा. अशा खेळाडूंची जर्सी लिलावात माझ्या आवाक्याबाहेर जाते. चेक दिग्गज यारोमीर यागरची, त्याच्या क्लाद्नो या गावच्या क्लबातली ६८ नंबरची मिळाली तर मी गाडी विकेन, एवढा एकच अपवाद. तो आकडा १९६८ चा, रशियन रणगाडे प्राहात शिरले ते साल. नाहीतर मला शेवटच्या फळीतले बचावपटू आवडतात. ते चकतीपुढे आडवे पडतात आणि त्यांच्या जर्स्या सर्वांत जास्त बोलतात.

अशीच एक ताप्पराची निळी जर्सी डिसेंबरात हाती लागली. एनएचएलवाले एका रंगाचे दोन-तीन संच मोसमभर फिरवतात. इथल्या साध्या खेळाडूच्या जर्सीला मात्र फाटली की शिवून पुन्हा बर्फावर जावं लागतं. हिच्या उजव्या कोपरावर ठिगळ आहे. ठिगळाचा निळा रंग मूळ रंगाहून जरासा गडद. कडेने झिगझॅग टीप निळ्या धाग्याची, आणि शेवटची दोन बोटं एकदम नारिंगी! क्लबचे दोन्ही रंग तेच, त्यामुळे आधी मला ती हौस वाटली. आता वाटतं, साहित्य सांभाळणाऱ्या माणसाचा निळा धागा संपला आणि खेळाडू दारात उभा होता. त्या दोन बोटांवर मी दोन रात्री घालवल्यात.

तर स्वार्थ हा. नारिंगी टाके उसवू लागलेत. आम्हा संग्राहकांत नियम असा की धुवायचं नाही, शिवायचं नाही. पण असंच ठेवलं तर टीप पूर्ण निघेल. नवा धागा न घालता जुन्याच धाग्याचं टोक मागे ओवून गाठ मारता येते का? आणि ही टीप घरगुती मशीनची की कारखान्याच्या? फोटो पाठवलेत, अण्णांना भिंगातून दाखव. त्यांनी चाळीस वर्षं संघांच्या जर्स्या शिवल्या, त्यांचा शब्द मी शेवटचा मानीन.

एप्रिलमध्ये येतोय, जर्सी सोबत आणतो. फक्त अण्णांना आत्ताच सांगून ठेव, हातात आली की सवयीने आधी इस्त्री फिरवू नका. आकडे उष्णतेने चिकटवलेले आहेत, सगळे इस्त्रीला येतील.

तुझा,
सुध्या