चार्ज दिला, पण मेख राहिली

संपादक महोदय,

जुना माणूस निवृत्त होताना त्याच्याकडून जाडजूड टिपण लिहून घ्यायचं आणि त्याचं ज्ञान पुढच्याला मिळालं असं समजायचं, ही रीत बहुतेक कामाच्या ठिकाणी आहे. पण हाताला बसलेली गोष्ट टिपणात येत नाही; ती सांगायची गोष्ट आहे हेच सांगणाऱ्याच्या लक्षात नसतं.

हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्ये याचा नामी दाखला दिला. ठोका दिल्यावर नीलमणी स्फटिक किती वेळ कंपत राहतो, याचे मॉस्कोतल्या गटाने काढलेले आकडे पाश्चात्त्य प्रयोगशाळांना स्वतःच्या प्रयोगांत जवळजवळ वीस वर्षं मिळेनात. आकड्यांवरच शंका घेतली गेली. दोन्हीकडची माणसं शेजारी उभी राहून काम करू लागली तेव्हा उलगडा झाला: स्फटिक टांगायच्या बारीक धाग्याला तेलकटपणा हवा असे, आणि त्यासाठी तो धागा नाकावरून किंवा कानामागून ओढला जाई!

शिवाय कोण कसल्या वळणात वाढला, यावरही बरंच ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेली विभागणी ढोबळ आहे, पण उपयोगी: काही समाजांत अर्थ प्रसंगातून आणि नात्यातून ओळखायचा असतो, काहींत शब्दांतूनच. पहिल्या वळणाचा माणूस लिहितो, ‘मोटर जास्त गरम झाली तर थांबवा.’ दुसऱ्या वळणाचा विचारतो, किती अंश? उत्तर त्या माणसाच्या तळव्यात असतं: आवरणावर चारपाच सेकंदांहून जास्त हात ठेववत नाही, म्हणजे साधारण ६० अंश. ते विचारणं त्याला अविश्वास वाटतो, न सांगणं समोरच्याला लपवाछपवी वाटते. (हे देशादेशांतच घडतं असं नाही, एकाच कंपनीच्या वर्कशॉप आणि डिझाइन विभागातही घडतं.)

म्हणून चार्ज देण्यासाठी किमान दोन आठवडे ठेवावेत. पहिल्यात नव्या माणसाने नुसतं बघावं. दुसऱ्यात काम त्याने करावं, जुन्याने हात मागे बांधून उभं राहावं; न राहवून तो जिथे हात पुढे करेल, तीच न लिहिलेली पायरी. टिपण नव्या माणसाने लिहावं, जुन्याने तपासावं. ‘समजलं ना?’ हा प्रश्न बाद करावा. जिथे ज्येष्ठांना उलट विचारत नाहीत, तिथे ‘हो’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो. त्याऐवजी ‘हे बंद पडलं तर आधी काय बघाल?’ असं विचारावं. आणि साहेबांनी त्या दिवसांत तिकडे फिरकू नये. त्यांच्यासमोर नवा अडलेली जागा दाखवत नाही आणि जुना चुकलेली.

– एक वाचक